आप्पांच्या हनुवटीवरचा तांब्याचा उजेड

"नाक आप्पांचं आहे, मिशी आप्पांची आहे, टोपीसुद्धा त्यांचीच. पण हे आप्पा नाहीत. हे त्यांचे धाकटे भाऊ वाटतात."

विद्यार्थ्याच्या पत्नीने चित्र पाहून हे सांगितलं, तेव्हा त्या कॅनव्हासवर पाच रविवार खर्ची पडले होते. माझ्या शिकवण्यातल्या एका चुकीवर तिने नेमकं बोट ठेवलं होतं, पण ते माझ्या लक्षात यायला आणखी दोन आठवडे जावे लागले. व्यक्तिचित्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर ही जागा येते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. विद्यार्थ्याची परवानगी घेतली आहे. नाव मात्र देत नाही.

विद्यार्थी बेचाळीस वर्षांचे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतात. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, मग पंचवीस वर्षं हातात ब्रश नाही. दोन वर्षांपूर्वी जलरंगाने पुन्हा सुरुवात केली. नाशकात चित्र शिकायचं म्हणजे आधी रविवारी सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायचं, हे ठरलेलंच. शिवाजी तुपे सरांनी रंगवलेले घाट पाहत इथली कितीतरी मुलं चित्रकलेकडे वळली. यांनीही रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, अहिल्याबाई होळकर पूल असं बरंच रंगवलं होतं. हात स्वच्छ, नजर काटेकोर.

वडील, म्हणजे आप्पा, चौऱ्याहत्तर वर्षांचे. उभं आयुष्य तांबट लेनमध्ये हंडे, घागरी, बंब घडवण्यात गेलं. कार्तिकात त्यांची पंचाहत्तरी होती. तोवर त्यांचं तैलरंगातलं व्यक्तिचित्र करायचं, या हेतूने मुलगा जूनमध्ये माझ्याकडे आला. आप्पांचा विरोध होता. "जिवंत माणसाला भिंतीवर कशाला टांगता?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्यांच्या पिढीत तो रास्तच.

पहिला कॅनव्हास

बसायला आप्पा तयार नव्हते, म्हणून फोटोवरून काम सुरू झालं. फोटो दुकानात काढलेला, मोबाइलवर, जेमतेम दोन फुटांवरून. डावीकडून दाराचा उजेड, उजवीकडे खाली नुकताच घासलेला तांब्याचा हंडा. विद्यार्थ्याने फोटोवर चौकटी आखल्या, १६ × २० इंचाच्या कॅनव्हासवर त्याच प्रमाणात चौकटी आखल्या आणि रेखांकन उतरवलं. मी तपासलं. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकपुड्यांची रुंदी, मिशीपासून हनुवटीपर्यंतचं माप, सगळं बिनचूक. इतकं नेटकं रेखांकन माझ्या वर्गात फार वेळा होत नाही. मी शाबासकी दिली आणि रंगाला परवानगी दिली.

माझी चूक इथे झाली. मी रेषा तपासल्या. फोटो तपासला नाही.

चित्र रंगत गेलं तसं काहीतरी बिनसत गेलं. घरच्यांनी "भाऊ" म्हटल्यावर विद्यार्थ्याने डोळे बदलले. मग नाकाचा शेंडा. मग पुन्हा डोळे. डाव्या डोळ्यावर मोजून सात वेळा रंग चढला. रंग सहज फिरावा म्हणून ते प्रत्येक वेळी अळशीचं तेल थोडं जास्त घेत होते. तेल जास्त झालं की वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला रंग ओलाच राहतो, आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. आषाढातली दमट हवा, त्यामुळे वाळणं आणखी लांबलं. सहाव्या आठवड्यात डोळ्याभोवती खरोखरच्या सुरकुत्या दिसायला लागल्या, रंगाच्या. शिवाय प्रत्येक दुरुस्तीनंतर मऊ ब्रशने घोटायची सवय. घोटून घोटून गालाचा रंग गढूळ झाला, आणि तो उजळायला त्यांनी त्यात पांढरा घातला. आता गाल चुना फासल्यासारखा दिसू लागला.

त्याचं कारण त्यांच्या जलरंगात होतं. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. उजेड राखून ठेवायचा आणि हळूहळू गडदाकडे जायचं. तैलरंगात उजेड वरून चढवावा लागतो. पण उजळ करायचं म्हणजे पांढरा घालायचा एवढाच धडा घेतला, तर रंग उजळतो आणि त्याच वेळी थंड, फिका पडतो. गव्हाळ-सावळ्या कातडीला तर तो पांढरा लगेच मारतो. आपल्याकडच्या चेहऱ्यांवर ही चूक जास्त उघडी पडते.

निदान

सातव्या रविवारी मी चित्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि त्यातला रंग काढून तो काळा-पांढरा केला. दोघेही बघत राहिलो.

चेहरा दोन्ही बाजूंनी उजळलेला होता. डावा गाल दाराच्या उजेडात, आणि उजवा जबडा जवळजवळ तितकाच उजळ. मधे नाकाच्या कडेने एक काळसर पट्टी. दोन्हीकडून उजेड आल्यामुळे चेहऱ्याची गोलाई गेली होती, जबडा रुंद आणि मांसल झाला होता. आप्पांचे गाल बसलेले आहेत. या चित्रातल्या माणसाचे गाल भरलेले होते. त्या बाईंना धाकटा भाऊ दिसला तो यामुळे.

उजवा जबडा उजळला तो हंड्यामुळे. दाराचा प्रकाश तांब्यावर पडून आप्पांच्या हनुवटीखाली आणि जबड्यावर परत येत होता. हा परावर्तित उजेड छायेतला असतो. त्याच दाराच्या उजेडाचा तो उरलेला भाग, त्यामुळे सरळ उजेडात असलेल्या कातडीची बरोबरी तो करू शकत नाही. पण आजूबाजूला गडद छाया असल्याने डोळ्याला तो असतो त्यापेक्षा उजळ वाटतो. त्यात तांब्याचा नारिंगी झळाळ, आणि भडक रंग तेवढ्याच उजळपणाच्या करड्यापेक्षा नेहमी जास्त तेजस्वी भासतो. तिसरी भर मोबाइलची. आजचे मोबाइल फोटोतल्या सावल्या आपोआप उचलतात, अंधारातलं सगळं दिसावं म्हणून. तीन गोष्टी मिळून छायेतला तो तुकडा फोटोत उजेडाच्या बाजूला जाऊन बसला, आणि विद्यार्थ्याने तो इमानाने तसाच उतरवला.

फोटोचा आणखी एक दोष. दोन फुटांवरून मोबाइलच्या रुंद भिंगाने काढलेल्या चेहऱ्यात नाक फुगतं, कान मागे जातात. पाच-सहा फुटांवर बसून आपण माणसाला बघतो तसा तो चेहरा नसतो. म्हणजे चौकटीने मोजलेलं अचूक नाक हे मुळात फुगलेल्या नाकाचं अचूक माप होतं.

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही इतके दिवस नाक-डोळे दुरुस्त करत होता. चूक उजेडात आहे." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, उजेड मोजायला गेज नाही का?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. चित्रकार डोळे बारीक करून बघतो. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे विरतात आणि उजेड-छायेचे मोठे आकार उरतात. मी तेच सांगत आलो होतो. पण ज्याची नजर रोज शतांश मिलिमीटर मोजते, त्याला "बारीक करून बघा" हे उत्तर पुरेसं नव्हतं, आणि ते अपुरं आहे हे मीही मान्य करायला हवं होतं.

गेज

पुढच्या रविवारी ते पुठ्ठ्याची एक पट्टी घेऊन आले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ करडे टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या मधोमध कागदाला पाडतात तसं पंचने भोक. १ म्हणजे पांढरा, ९ म्हणजे काळा. पट्टी चित्रावर ठेवायची. भोकातून दिसणारा रंग ज्या टप्प्यात मिसळून जाईल, तो त्याचा उजळपणा. बसलेल्या माणसाकडे बघताना हात सरळ ताणून, एक डोळा मिटून, पट्टी नेहमी खिडकीच्या उजेडात एकाच कोनात धरायची. नाहीतर माप फसवतं.

कारखान्यात 'गो–नो गो' गेज असतो. भोकात एक टोक जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. त्यांनी चित्रासाठी तसाच नियम ठरवला. बुबुळं आणि नाकपुड्या सोडून, उजेडातलं काहीही ५ पेक्षा गडद नाही. छायेतलं काहीही ६ पेक्षा उजळ नाही. बसलं नाही तर तो भाग खरवडायचा.

जुन्या चित्राला हे माप लावलं. उजवा जबडा ४ निघाला. डावा गालही ४.

मग मी वर्गात तांब्याची एक घागर आणून त्यांच्याच खांद्यापाशी ठेवली, आरसा धरला आणि त्यांना स्वतःच्या जबड्यावरचा झळाळ मोजायला सांगितला. निव्वळ डोळ्यांनी अंदाज ४. पट्टीने ७ च्या जरासा अलीकडे. त्यांनी तीनदा मोजलं.

इथे एका चित्राचा उल्लेख करतो, कारण तो झळाळ रंगवायचा मोह मलाही होतो. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते तैलरंगातलं वाटतं, आहे जलरंगातलं. त्यातला दिव्याचा उजेड इतका जिवंत दिसतो तो भोवतालचं सारं त्यांनी शांत, गडद ठेवलं म्हणून. उजेड मोजका असला तरच उजेड वाटतो.

दुसरा कॅनव्हास, आता आप्पांसमोर

फोटो बाजूला ठेवला. आप्पांना राजी करायला सुनेचं वजन कामी आलं. उत्तरेकडच्या एका खिडकीपाशी खुर्ची, बाकीच्या खिडक्यांना पुठ्ठे, ट्यूबलाइट बंद. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही, म्हणून ती खिडकी. खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूच्या खुणा. वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं उठायचं. सकाळी साडेआठ ते साडेदहा. टोपी आप्पांची नेहमीची पांढरी, आणि शेजारी त्यांनी स्वतः घडवलेला बंब, कारण त्याच्याशिवाय त्यांना चित्रात बसायचंच नव्हतं.

पहिल्याच बैठकीत आणखी एक गोष्ट उघड झाली. मी ओळंबा धरायला सांगितला, दोऱ्याला बांधलेला नट. विद्यार्थी चेहऱ्यावर उभी रेषा लावून बघत होते आणि चुळबुळत होते. "आप्पा, मान सरळ ठेवा ना." आप्पांनी ठेवली. दोन मिनिटांत पुन्हा तिरकी. कितीतरी वर्षं हातोड्याच्या आवाजात बसल्याने त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. कुणी बोललं की ते डावा कान पुढे करतात आणि डोकं जरासं डावीकडे कलतं. आता कुणी बोलत नसलं तरी ते तसंच असतं.

मी विचारलं, "फोटोत मान सरळ कशी?"

ते म्हणाले, "मी फिरवून घेतला होता. डोळे लेव्हलला नव्हते."

त्यांच्या कामात तिरकं म्हणजे दोष. म्हणून वडिलांच्या चेहऱ्यातला साधारण चार अंशांचा तो कल त्यांनी मोबाइलवर बोट फिरवून काढून टाकला होता, चौकट आखायच्याही आधी. हे कळल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि त्या दिवशी फक्त मानेचा, टोपीचा आणि खांद्याचा कल कोळशाने पुन्हा पुन्हा काढला. नऊ रेखाटनं. मला त्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा रविवार तोच वाटतो.

कॅनव्हासवर आधी रॉ अंबर या तपकिरी रंगाचा पातळ हात, टर्पेन्टाइनमध्ये. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो, एक-दोन दिवसांत. पांढरा असलेला रंग त्या हवेत पाच-सहा दिवस घ्यायचा. त्याच अंबरने छायेचा आकार भरायचा आणि उजेड चिंधीने पुसून काढायचा. मी एक अट घातली. दोन बैठका डोळे काढायचे नाहीत. डोळ्याच्या खोबणीतली सावली, नाकाची उजवी बाजू, मिशीखालचा भाग, जबडा, गळा हे सगळं एकमेकांना जोडलेलं एकच क्षेत्र समजायचं, नकाशातल्या जिल्ह्यासारखं. त्याची कड बरोबर आली की बाकीचं आत भरता येतं.

टोपीपाशी ते अडले. टोपी पांढरी आणि कपाळ सावळं, तेव्हा टोपी सगळीकडेच कपाळापेक्षा उजळ हवी, असं मन सांगत होतं. पट्टीने दाखवलं की उजेडातलं कपाळ ४ आहे आणि टोपीची सावलीतली बाजू ६. "पांढऱ्या" टोपीचा तो भाग "काळ्या" कपाळापेक्षा गडद. त्यांनी पट्टी माझ्या हातात देऊन मलाही मोजायला लावलं.

दुसऱ्या बैठकीच्या शेवटी विद्यार्थ्याच्या पत्नी आप्पांना न्यायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "आप्पा रागावलेत का?" चित्रात अजून डोळे नव्हते. तपकिरी डागांखेरीज काही नव्हतं.

आप्पा रागावले नव्हते, पण तक्रार खरी होती. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातली सावली कडक कडेने थांबली होती, त्यामुळे तोंड आवळलेलं दिसत होतं. कोरड्या ब्रशने ती कड जेमतेम अर्धा सेंटिमीटर विरवली. चेहरा सैल झाला. चेहऱ्यावर कुठली कड धारदार ठेवायची आणि कुठली हरवू द्यायची, यावर भाव ठरतो. आप्पांच्या चित्रात शेवटी फक्त तीन कडा धारदार राहिल्या: टोपीची कपाळावरची, नाकाच्या सावलीची आणि कॉलरची.

रंगासाठी मी काळा पॅलेटवर ठेवू दिला नाही. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन, आणि थोडा व्हर्मिलियन. आधी तीन ढीग: उजेडाचा, मधल्या टोनचा, छायेचा. उजेडाला ऑकर, लाइट रेड आणि बेताचा पांढरा. मधल्याला त्यातच अंबर आणि अल्ट्रामरीनचा स्पर्श. छायेला बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, पांढरा अजिबात नाही. कपाळावरची चमक आकाशाच्या उजेडामुळे निळसर थंड होती. तिथे पांढऱ्यात किंचित अल्ट्रामरीन. कपाळ पिवळसर, नाक आणि गालाची हाडं तांबूस, दाढीचा भाग करडा-हिरवट. हे तीन पट्टे पुरुषांच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा सापडतात, शोधायची सवय हवी.

आणि जबड्यावरचा तांब्याचा उजेड, ज्याने सगळं बिघडवलं होतं. तो वगळायला आप्पांचा मुलगा तयार नव्हता. मलाही नको होतं. चेहऱ्यावर तांब्याचा उजेड घेऊन ज्याने आयुष्य काढलं, त्याच्या चित्रातून तो पुसणं मला पटलं नसतं. मग तो उजळ न करता रंगीत केला. बर्न्ट सिएनात व्हर्मिलियन, पांढरा शून्य. पट्टीवर ७ च्या आत एक केसही नाही, पण भोवतालच्या थंड सावलीत तो धगीसारखा दिसतो. छायेत काही दाखवायचं असेल तर उजळपणाला हात न लावता रंग वाढवायचा, हे त्यांना या एका जागेवर कळलं आणि मग कानामागे, गळ्याखाली त्यांनी आपणहून वापरलं.

थर चढवताना खालचा कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा नियम आता त्यांनी पाळला. खालच्या थराने तेल शोषल्याने कपाळाचा एक भाग मंद, मेणचट पडला होता. वाळल्यावर त्यावर तेलाचा अगदी पुसट हात फिरवून जास्तीचं टिपून घेतलं. तेलाच्या चिंध्या आमच्या वर्गात पाण्याच्या डब्यात जातात. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, कारखान्यात तेलकट कापसाला आम्हीही असंच करतो.

मधल्या काळात कंपनीच्या कामाने ते पुण्याला गेले तेव्हा मी त्यांना बालगंधर्व रंगमंदिरात डोकवायला सांगितलं होतं. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व आहेत, एका चित्रात पुरुषवेषात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. एकच माणूस, दोन रूपं. परत आल्यावर त्यांनी मला पट्टीबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "सर, मी मान बघत होतो."

दुसरं चित्र नऊ बैठकांत झालं. डोळे शेवटच्या तीन बैठकांत आले, आणि पहिल्या कॅनव्हासवरच्या सात थरांच्या डोळ्यांपेक्षा त्यांत निम्मेही बारकावे नाहीत. डाव्या डोळ्याचा पांढरा भाग पट्टीवर ५ आहे.

यातून माझ्या वर्गात बदललं ते असं: फोटोवरून काम करायचं असेल तर आता मी आधी फोटो काळा-पांढरा करून बघतो, तो किती अंतरावरून काढला ते विचारतो, आणि फिरवला किंवा कापला आहे का हेही. गेजची पट्टी प्रत्येक नवा विद्यार्थी स्वतः रंगवतो. ती रंगवण्यात एक सकाळ जाते आणि ती सकाळ वाया जात नाही. चौकटीची पद्धत मी बंद केलेली नाही. तिने जागा बरोबर मिळते, आणि पहिल्या कॅनव्हासवर तिने ते काम चोख केलं होतं.

पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी चित्र घरी गेलं. वॉर्निश किमान सहा महिने नाही. आप्पांच्या इच्छेप्रमाणे ते भिंतीवर टांगलं नाही, दिवाणखान्यात टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं. पाहुणे चेहऱ्याबद्दल बोलत होते. आप्पा चष्मा लावून जवळ गेले आणि बराच वेळ खालच्या कोपऱ्यातल्या बंबाकडे बघत राहिले.

"मास्तर, मठार चुकलंय," ते मला म्हणाले. "ठोके असे विखरून पडत नाहीत. बुडापासून सुरू होतात आणि एकाला एक लागून रांगेनं फिरत वर येतात." त्यांनी बोटाने हवेत फेरे काढून दाखवले.

मुलाने वाकून बघितलं, खिशातून पेन्सिल काढली आणि बंबावरचे ठोके कुठून सुरू होतात ते आप्पांना विचारायला लागला. त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून.